अर्जदार पिता : ताब्याच्या कायद्याचा प्रवास

सन १९१२ मध्ये मद्रासजवळील चिंगलपेटच्या जिल्हा न्यायालयात महसूल खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याने दावा दाखल केला. दावा जमिनीचा नव्हता, वतनाचाही नव्हता. आपली दोन मुले आपल्याला परत मिळावीत, एवढीच मागणी होती. वादीचे नाव जे. नारायणय्या. प्रतिवादी होत्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा अ‍ॅनी बेझंट. आणि दोन मुलांपैकी थोरला म्हणजे पुढे तत्त्वचिंतक म्हणून जगभर ओळखले गेलेले जे. कृष्णमूर्ती.

आज देशातील कोणत्याही कौटुंबिक न्यायालयात गेले, तर मुलाच्या ताब्यासाठी अर्ज केलेला पिता भेटतोच. त्याच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : कायदा आईच्या बाजूचा आहे. याउलट स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते कायद्याचे पुस्तक उघडून दाखवतात, की हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून कायदा आजही प्रथम पित्याचेच नाव घेतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरतात, हे समजून घ्यायचे तर या कायद्याचा इतिहास पाहावा लागतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या इतिहासात पहिल्यांदा दिसते ती मालमत्ता. अज्ञान वारसाचे धन, तो विद्या संपवून परत येईपर्यंत किंवा वयात येईपर्यंत राजाने राखावे, असे मनुस्मृती सांगते. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ उभे केले तेही जमीनदारीचा वारस अज्ञान असला तर सारा बुडू नये म्हणून. बंगालसाठी १८५८ चा चाळिसावा आणि मुंबई इलाख्यासाठी १८६४ चा विसावा अधिनियम आला. अज्ञानाची मिळकत कोणी सांभाळायची, हाच या कायद्यांच्या चिंतेचा मोठा भाग होता. मूल रात्री कोणाच्या कुशीत झोपते, हा प्रश्न सरकारदरबारी उपस्थितच होत नव्हता.

या विखुरलेल्या तरतुदी एकत्र करून १८९० साली ‘पालक व पाल्य अधिनियम’ झाला. तो आजही लागू आहे. पालक नेमताना न्यायालयाने अज्ञानाचे हित पाहावे, त्याचे वय, लिंग, धर्म लक्षात घ्यावा, मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छा विचारात घ्यावी, असे त्याचे कलम १७ सांगते. त्या काळाच्या मानाने ही दृष्टी पुष्कळच उदार होती. परंतु दोनच कलमांनंतर, कलम १९ मध्ये, एक भिंत उभी केलेली होती. ज्या अज्ञानाचा पिता हयात आहे आणि न्यायालयाच्या मते तो अपात्र नाही, त्या अज्ञानासाठी न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, अशी ती तरतूद. तिच्यात ‘पिता किंवा माता’ असा बदल होण्यास २०१० साल उजाडावे लागले.

या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पित्याला पालक म्हणून नेमून घेण्याची गरजच नव्हती. तो पालक होताच. अर्ज करायचा तो आईने, काकाने, आजोबांनी, आणि तोही पित्याची अपात्रता सिद्ध करून. मूल हातचे गेलेच, तर ते परत आणण्यापुरता पिता न्यायालयात येई. आपण मूल सांभाळण्यास योग्य आहोत हे पटवून देणारा पिता कायद्याच्या कल्पनेत फारसा नव्हता.

हा विचार ज्या इंग्लंडमधून आला, तेथेही स्थिती निराळी नव्हती. १८३९ च्या कायद्याने पहिल्यांदा इंग्रज मातेला सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा मिळाली, तीही तिच्यावर व्यभिचाराचा ठपका नसेल तरच. पुढे १८७३ मध्ये ही वयोमर्यादा सोळापर्यंत वाढली. तरी १८७८ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या विभक्त पत्नीकडून तिची मुलगी काढून घेऊन न्यायालयाने ती पित्याकडे दिली. कारण असे, की आई नास्तिक होती आणि तिने संततिनियमनावरील पुस्तिका प्रसिद्ध केली होती. ती आई म्हणजे अ‍ॅनी बेझंट. मद्रासच्या खटल्यात त्या स्वतःची बाजू स्वतः मांडण्यास उभ्या राहिल्या, तेव्हा पित्याचा हक्क म्हणजे काय हे त्या न्यायालयात त्यांच्याइतके क्वचितच कोणी जाणत असेल.

आता नारायणय्यांच्या दाव्याकडे वळू. ते विधुर होते. १९०९ मध्ये मुलांसह अड्यारला राहण्यास आले. मार्च १९१० मध्ये त्यांनी बेझंटबाईंना पालकत्व देणारे पत्र लिहून दिले. १९१२ मध्ये बाईंनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेले. पित्याचे मन पालटले, त्याने पत्र मागे घेतले आणि मुले मागितली. दावा पुढे मद्रास उच्च न्यायालयात वर्ग झाला. एप्रिल १९१३ मध्ये निकाल पित्याच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी अपिलातही तो कायम राहिला. बेझंटबाई लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेल्या आणि मे १९१४ मध्ये तेथे निकाल फिरला.

प्रिव्ही कौन्सिलने पित्याचा हक्क नाकारला नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे. पालकत्व ही पवित्र विश्वस्तता आहे, पिता ते कायमचे कोणाच्या हाती सोपवू शकत नाही आणि दिलेली संमती मागे घेऊ शकतो, हे तत्त्व कौन्सिलने मान्यच केले. पण दावा चुकीच्या वाटेने आणला होता. १८९० च्या अधिनियमाखाली अर्ज करायला हवा होता आणि तो अज्ञान जेथे सामान्यतः राहतो तेथील जिल्हा न्यायालयात चालतो. मुले तर इंग्लंडमध्ये होती. शिवाय त्यांना न्यायालयात कोणी प्रतिनिधीच नव्हता आणि त्यांची इच्छा कोणी विचारलेली नव्हती. निकाल लागला तेव्हा थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा झाला होता. पित्याचे तत्त्व जिंकले आणि मुले मात्र परत आली नाहीत.

या निकालात पुढील शंभर वर्षांच्या ताब्याच्या तंट्यांची तीन सूत्रे सापडतात. मूल कोठे राहते, मुलाला काय हवे आहे आणि मध्यंतरी किती काळ लोटला. यांपैकी पहिली दोन कायद्याच्या पुस्तकात आहेत. तिसरे पुस्तकात नाही, पण व्यवहारात बहुतेक वेळा तेच निर्णायक ठरते.

स्वातंत्र्यानंतर हिंदू कायद्याचे संहितीकरण झाले. ‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६’ याच्या कलम ६ ने नैसर्गिक पालक ‘पिता आणि त्याच्यानंतर माता’ असा क्रम लावला. त्याला एक परंतुक जोडले : पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा. आणि कलम १३ ने सांगितले, की या साऱ्यावर अज्ञानाचे हित हाच सर्वोच्च विचार राहील. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातही अशीच विभागणी जुन्या काळापासून आहे. ‘हिजानत’ म्हणजे लहान मुलाचा सांभाळ आईकडे. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो राहतो. मालमत्तेचे पालकत्व मात्र पित्याकडेच.

येथेच सुरुवातीच्या कोड्याची उकल आहे. कायद्याने एका नात्याचे दोन तुकडे केले. ‘पालकत्व’ म्हणजे नाव, सही, मिळकत आणि निर्णय. हे पित्याला दिले. ‘ताबा’ म्हणजे दूध, ताप, अभ्यास आणि झोप. हे आईच्या पदरात टाकले. पुरुष हा कुटुंबाचा मुखत्यार आणि स्त्री ही सांभाळणारी, या एकाच गृहीतकाच्या या दोन बाजू आहेत. म्हणून आज जो पिता मुलाचा रोजचा सांभाळ मागतो, त्याची झुंज वास्तविक आईच्या हक्काशी नसते. ज्या गृहीतकाने त्याच्या वाडवडिलांना घरात मानाचे स्थान दिले, तेच आता त्याच्या वाटेत उभे असते. पुरुषाला मूल सांभाळता येत नाही, ही समजूत न्यायालयाने शोधून काढलेली नाही. ती पुरुषांनीच पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने बाळगलेली आहे.

प्रशासनात या गृहीतकाचे वाहन म्हणजे अर्जाचा नमुना. शाळेचा दाखला, पारपत्र, बँकेचे खाते, सर्वत्र ‘वडिलांचे नाव’ हा रकाना. डिसेंबर १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे वीस हजार रुपयांच्या रिलीफ बाँडसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही आईची होती आणि पित्याची त्याला संमती होती. अर्ज परत आला. पित्याची सही आणा किंवा आईला पालक नेमल्याचा न्यायालयाचा दाखला आणा, असे उत्तर मिळाले. ज्या कारकुनाने तो परत पाठवला, त्याने कायद्याप्रमाणेच वागण्याचा प्रयत्न केला होता, हेही नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असा नसून ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा. पिता मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर असेल किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर हयात पिता असूनही माता नैसर्गिक पालक ठरू शकते. या निकालात दुसरी एक याचिकाही सामील होती. तीत घटस्फोटाचा दावा चालू असताना पित्याने आपण एकटेच नैसर्गिक पालक आहोत, असा पवित्रा घेतला होता. निकालाने त्या पवित्र्यातील हवा काढली. मात्र कलमाचे शब्द जसेच्या तसे राहिले आणि आजही आहेत. पारपत्राच्या अर्जात आई वा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे होण्यास तर डिसेंबर २०१६ उजाडला.

मधल्या काळात न्यायालयाचे रूप बदलले. ‘कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४’ झाला. त्याअन्वये देशातील पहिले कौटुंबिक न्यायालय १९८५ मध्ये जयपूरला स्थापन झाले. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ती १९८९ मध्ये आली. दिवाणी न्यायालयाची रुक्ष चाकोरी सोडावी, प्रथम समेटाचा प्रयत्न व्हावा, समुपदेशक असावेत, सुनावणी बंद दालनात करता यावी आणि वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून नसावा, अशी ती कल्पना होती. पालकत्व, ताबा आणि मुलाची भेट हे तिन्ही विषय या न्यायालयाकडे आले. कल्पना उत्तम होती. पण न्यायाधीशांची संख्या, समुपदेशकांची पदे आणि प्रकरणांची आवक यांचा मेळ बसला नाही. वकील मागील दाराने परत आले आणि त्यांच्याबरोबर ‘पुढील तारीख’ही आली.

तारखेचे अर्थशास्त्र ताब्याच्या दाव्यात फार क्रूर असते. जमिनीचा दावा दहा वर्षे चालला, तरी जमीन तेथेच राहते. तीन वर्षांच्या मुलाचा दावा पाच वर्षे चालला, तर निकालाच्या दिवशी तेथे आठ वर्षांचे दुसरेच मूल उभे असते. या काळात ज्याच्याकडे मूल आहे, त्याचे घर ही मुलाची सवय होते. दुसरा पालक महिन्यातून एखाद-दोन शनिवारी न्यायालयाच्या आवारातील खोलीत, भिंतीवरील घड्याळाकडे पाहत, मुलाशी ओळख टिकवण्याचा प्रयत्न करतो. मग न्यायाधीश मुलाला विचारतात, तुला कोणाकडे राहायचे आहे? मूल जे घर ओळखते, त्याचेच नाव घेते. त्यात मुलाचे काही चुकत नाही आणि न्यायाधीशांचेही नाही. निकाल प्रत्यक्षात पहिल्या अंतरिम आदेशाच्या दिवशीच, किंवा असा आदेश न झाल्याच्या दिवशी, लागून गेलेला असतो. मूल पित्याकडे असते, तेव्हा हेच आईच्या वाट्याला येते. अशा आयांची संख्या मोजली जात नाही, म्हणून ती नसते असे नव्हे.

परदेशी असलेल्या मराठी वाचकांना या ‘काळ’ नावाच्या न्यायाधीशाची ओळख अधिक असेल. १९८६ मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या न्यायालयाने मातेकडे ताबा दिलेला असताना एका पित्याने मुलाला पुण्यात आणले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मुलाला मातेच्या स्वाधीन करून अमेरिकेला परत नेण्याची मोकळीक दिली आणि पित्याच्या वर्तनाबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. त्या काळी परकीय न्यायालयाच्या आदेशाला मोठे वजन दिले जाई. २०१७ पर्यंत ही भूमिका बदलली. परकीय आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, मुलाचे हित येथेच स्वतंत्रपणे तपासले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपनयनाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. ती करावी, अशी शिफारस विधी आयोगाने २००९ मध्ये केली होती. विरोधाचे कारणही हलके नाही. परदेशात मारहाण सोसून माहेरी परतलेल्या स्त्रीला तो करार मुलासह परत पाठवील, अशी भीती आहे. परिणाम मात्र असा, की प्रत्येक प्रकरण नव्याने लढले जाते आणि मुलाचे वय वाढत राहते.

कायद्याच्या तत्त्वांत पित्यांना वाव नाही असे नाही. मुले ही आईवडिलांची चीजवस्तू किंवा खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले होते. याचा अर्थ दोघांच्याही ‘हक्का’पेक्षा मुलाचे हित मोठे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुलाचा ताबा वर्षाचे सहा-सहा महिने वाटून दिला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पित्याच्या बाजूने कौल दिला. त्यात आई कर्करोगाने वारली होती, पिता स्वतः गंभीर आजारी पडला होता आणि त्या काळात बाळ मावशीकडे राहिले होते. मावशीने माया लावली होती, यात शंका नव्हती. तरीही पित्याने आजारपणात मूल दुसऱ्याकडे ठेवले म्हणजे ते सोडून दिले असे होत नाही, हे न्यायालयाने ओळखले. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि दूर राहणाऱ्या पालकाला दूरचित्र-संवादाने भेट मिळाली पाहिजे. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच महामारीने साऱ्या देशाला त्याची गरज पटवून दिली.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ताब्याचा प्रत्येक अर्ज मायेपोटी होतो असे नाही. पोटगी कमी व्हावी, पत्नीने तक्रार मागे घ्यावी, यासाठी मुलाचा अर्ज हत्यार म्हणून वापरणारे पितेही आहेत. म्हणूनच कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याला तात्पुरता ताबा देण्याचा आणि अपाय होण्याचा संभव असल्यास भेट नाकारण्याचा अधिकार दिला आहे. तो असलाच पाहिजे. खरा अर्ज आणि डावपेचाचा अर्ज यांत फरक करणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते लवकर केले तरच त्याला अर्थ आहे.

विधी आयोगाने मे २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात या साऱ्याचा सांगोपांग विचार केला. माता-पिता दोघेही समान नैसर्गिक पालक असावेत, संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात यावा, भेट व खर्चाचे निकष लिहिलेले असावेत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्या अद्याप कायद्यात उतरलेल्या नाहीत.

परंतु सर्व काही संसदेवर सोडून आपण प्रशासकांनी हात झटकणे योग्य नाही. आपल्याच सेवानियमांकडे पाहू. केंद्र सरकारने २००८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. डिसेंबर २०१८ मध्ये ती पुरुषांनाही मिळाली, पण केवळ ‘एकल’ पुरुषाला, म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. इतरांसाठी पंधरा दिवसांची पितृत्व रजा. आता ज्या कर्मचाऱ्याचा घटस्फोटाचा दावा चालू आहे, तो नियमाच्या भाषेत विवाहितच. न्यायालय त्याला विचारते, मुलाला ताप आला तर घरी कोण थांबणार? तो शासनाकडे रजा मागतो. शासन म्हणते, आधी घटस्फोट होऊ द्या. म्हणजे सांभाळण्याची क्षमता सिद्ध करण्याच्या काळातच त्याला सांभाळण्याची सोय नाही. हा नियम कोणी आकसाने लिहिलेला नाही. आई असताना बापाला रजा कशाला, एवढ्याच सहजतेने तो लिहिला गेला आहे. १८९० चे कलम १९ ही तितक्याच सहजतेने लिहिले गेले होते.

म्हणून सुधारणेची सुरुवात दोन साध्या गोष्टींपासून व्हावी असे वाटते. पहिली, ताब्याच्या प्रत्येक अर्जात दुसऱ्या पालकाच्या भेटीचा अंतरिम आदेश ठरावीक मुदतीत झालाच पाहिजे आणि भेट नाकारायची असेल तर तिची कारणे त्याच मुदतीत लिहिली गेली पाहिजेत. यासाठी समुपदेशकांची मंजूर पदे भरणे हा कायद्याचा नव्हे, अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे. दुसरी, संगोपनाची रजा पालकाच्या वैवाहिक स्थितीवर नव्हे, तर मुलाच्या गरजेवर ठरावी. मुलगा पाच वर्षांचा असताना ज्या पित्याने त्याच्यासाठी रजा घेतली, त्याला पुढे न्यायालयात आपण बाप असल्याचा पुरावा शोधत बसावे लागणार नाही. तो पुरावा त्याच्या सेवापुस्तिकेतच नोंदलेला असेल.